सागाचं कूळ

भोये मॅडम पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत आल्या त्या माझी ओळख करून घ्यायला नव्हे, तर माझ्या खिडकीतल्या वेलाचं पान उलटं करून बघायला. मी जव्हारच्या कॉलेजात नुकताच रुजू झालो होतो. विषय रसायनशास्त्र, गाव घाटावरचं, आणि मनात पक्कं ठरलेलं की दोन वर्षं कशीबशी काढायची आणि दुसरीकडे अर्ज टाकायचा. मॅडमनी पान पाहिलं, देठ चिमटीत फिरवला, "हं" म्हणाल्या आणि दाराशी जाऊन वळल्या. "तुम्ही नवे शिंदे सर ना? खिडकी उघडी ठेवत जा. तुमच्या बाटल्यांच्या वासानं तो बिचारा टेकीला आलाय."

दुसरीकडे अर्ज मी कधी टाकलाच नाही. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एकच भिंत होती, तीही वरच्या अर्ध्यात लाकडी फळ्यांची. त्यामुळे बावीस-तेवीस वर्षं मी रसायन शिकवता शिकवता वनस्पतिशास्त्र फुकटात ऐकलं. मॅडमना जाऊन आता दीड वर्ष होईल. पलीकडून त्यांचा आवाज येत नाही आणि माझा तास मला अजून रिकामा रिकामा वाटतो.

उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागायच्या. साडीवर कापडी बूट, आणि हातात बाराही महिने वाकड्या मुठीची लांब छत्री. छत्री उन्हासाठी नव्हती आणि पावसासाठी तर नव्हतीच. तिच्या मुठीत फांदी अडकवून खाली ओढायची, एवढंच तिचं काम. पाऊस आला की मॅडम भिजत आणि छत्री बगलेत कोरडी राही. माहेर साखरशेतच्या बाजूचं, घरी भात आणि नाचणी. त्या घरातून एम.एस्सी.पर्यंत पोचलेल्या त्या पहिल्या. हे त्या सांगत नसत, पण चालण्यावरून कळायचं. प्राचार्यांच्या खोलीतसुद्धा त्या दार ढकलून जात, विचारून नाही.

एक शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही, तो म्हणजे 'चुकले'. फळ्यावर लिहिताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं आणि मुलांनी दाखवलं, तर मॅडम डस्टर उचलून म्हणायच्या, "फळ्यावर चुकलंय." जणू फळ्यानंच ते आपलं आपण लिहिलं होतं. मुलांनी हे उचललं होतं. गृहपाठात चूक निघाली की मुलंही साळसूदपणे सांगायची, "मॅडम, वहीत चुकलंय." त्यावर मात्र छडी मिळायची, म्हणजे छत्रीची मूठ टेबलावर आपटायची.

सपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण हा त्यांचा लाडका भाग. जगातल्या फुलझाडांना ओळीनं कसं लावायचं यावर अडीचशे-तीनशे वर्षं थोरामोठ्यांची भांडणं चालली आहेत, आणि मॅडमना ती भावकीतल्या भांडणांइतकी तोंडपाठ होती. त्या मोठ्या शास्त्रज्ञांची नावं परीक्षेपुरती फळ्यावर यायची. एरवी मॅडमनी सगळ्यांना आपली नावं ठेवली होती. स्वीडनमधला पहिला पंडित तो 'केसरमोज्या', कारण त्यानं फुलातले पुंकेसर मोजून झाडांचे गट पाडले. पुढच्या शतकातल्या इंग्रज जोडीचं नाव 'दोन साहेब'. त्यांच्यानंतर आलेला तो नुसता 'जर्मन'.

केसरमोज्या शिकवायची त्यांची रीत मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकली की एकदा तास सोडून बघायलाच गेलो. मॅडमनी सगळ्या वर्गाला उभं केलं. ज्यांच्या शर्टाला पाच बटणं ते खिडकीकडे, सहावाले दाराकडे, ज्यांचं एक तुटलंय ते मध्ये. एकच गोंधळ. मोखाड्याचे दोन सख्खे भाऊ एकाच वर्गात होते, त्यातला एक खिडकीशी गेला, एक मधे. मॅडमनी दोघांकडे छत्री रोखली. "हे दोघं एका आईचे. आणि केसरमोज्या म्हणतो, हे एकमेकांचे कोण नाहीत. का? तर याचं बटण तुटलंय." मुलं हसली. "हसू नका. मोजणं सोपं असतं म्हणून माणूस आधी मोजतो. नातं बघायला उशीर लागतो."

दोन साहेबांवर त्यांचा जीव होता. साहेबांनी नुसतं मोजलं नाही, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, अंडाशय वर की खाली, असं सगळं फूल उघडून पाहिलं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं मोठं लाकडी कपाट मॅडमनी याच क्रमानं लावलेलं होतं. वाळवून कागदावर शिवलेली झाडं, खणाखणांत. पहिल्या खणात मोरवेल, कारण साहेबांची यादी तिच्या कुळापासून सुरू होते. शेवटच्या खणात गवतं, म्हणजे भात, वरई, नाचणी. दरवर्षी एखादं पोरगं विचारायचंच, "मॅडम, आपली नाचणी सगळ्यात शेवटी का?" मॅडम म्हणायच्या, "साहेब भाकरी खात नव्हते, म्हणून." मग त्यांना जर्मनाची गोष्ट सांगायच्या. त्यानं गवतांना पुढं घेतलं होतं, सगळ्या द्विदल झाडांच्या आधी. मुलं लगेच जर्मनाच्या बाजूची व्हायची. आणि चीड-देवदारांना, ज्यांना खरं फूलच नाही, त्यांना साहेबांनी फुलझाडांच्या ऐन मध्ये बसवलं होतं, हे सांगताना मॅडमचा आवाज जरा खाली यायचा. "पंगतीत वाढताना होतं तसं. पाहुणे उशिरा आले, जिथं पाट होता तिथं बसवले."

एकदा मी चेष्टेनं विचारलं, "मॅडम, तुमच्या गावात झाडं कोणत्या क्रमानं लावतात?" त्या एकदम कडक झाल्या. "भाजीची, औषधाची, सरपणाची, देवाची. ती कामाची यादी झाली शिंदे सर, वर्गीकरण नव्हे. गावचं गावात. मी या साहेबांच्या जोरावर इथवर आलेय." ते बोलणं मला तेव्हा टोचलं. आता समजतं. ज्या शिडीनं माणूस वर चढतो तिच्या पायऱ्या तो हलवून बघत नाही.

आता त्या कुळाच्या घोळाची गोष्ट. झाडाच्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी असते. झाडाचं नाव, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि कूळ. अकरावी-बारावीला मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी मॅडमनी ती चिठ्ठी मराठीत छापून घेतली होती. पहिल्याच वर्षी निम्म्या वर्गानं 'कूळ' समोर आपल्या आजोबांचं नाव लिहिलं. सातबाऱ्यावर इतर हक्कांत कूळ म्हणून जे नाव असतं, ते. करवंदाची फांदी, ठिकाण घरामागचा माळ, आणि कूळ म्हणून आजोबा, वडिलांच्या नावासकट. मॅडम वर्गात येऊन खुर्चीत बसल्या आणि पाच मिनिटं त्यांना हसू आवरेना. "करवंदाला कुळकायदा लावलात रे! आता ते जमीन मागेल!" मग डोळे पुसून त्यांनी नीट समजावलं, की झाडाचं कूळ म्हणजे कसणारा नव्हे, झाडाचं घराणं.

ही चूक जमीन कसणाऱ्यांच्याच मुलांनी केली हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या घरी कसायला जमीनच नव्हती त्यांच्यापुढे सातबारा नव्हता, त्यामुळे त्यांना 'कूळ' म्हटल्यावर घराणंच सुचलं. अशी एक मुलगी त्या वर्गात होती, यमुना. मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरची. आईवडील मजुरीला जाणारे. हॉस्टेलवर राहायची, कमी बोलायची, आणि झाडाला हात लावला की तिचं तोंड उघडायचं. मॅडमची ती लाडकी होती असं मी म्हणेन, मॅडमनी ते कबूल केलं नसतं.

यमुना बारावीला आली त्या वर्षी तिनं परीक्षेसाठी जे कागद केले त्यात सागाची मोहोर आलेली फांदी होती. समोर लिहिलं होतं, कूळ: तुळस. दोन साहेबांच्या हिशेबानं साग टणटणीच्या कुळातला. टणटणी म्हणजे ती बांधाबांधावर माजलेली रंगीत झुबक्यांची काटेरी झुडपं. तोंडी परीक्षेला मॅडम स्वतः बसल्या होत्या. भिंतीच्या अलीकडे मी नळकांडी धूत होतो, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"साग तुळशीच्या कुळातला, हे कोणी सांगितलं तुला?"

"आयसनं."

"कशावरून?"

"चौधारी असतंय मॅडम. कवळी फांदी हातात फिरवली का चार धारा लागत्यात. तुळशीच्या, निरगुडीच्या, भारंगीच्याबी. आयस सांगं, हे एका घरचे."

"टणटणीची फांदीपण चौकोनीच असते की. मग ती का नाही त्या घरची?"

यमुना गप्प.

"फूल उघडून पाहिलंस? तुळशीचा अंडाशय चार फोडींचा, नळी तळातून येते. सागाचा तसा आहे का? पुस्तक तुझ्या आयसनं लिहिलंय का?"

तिथं मॅडमनी दोन गुण कापले. नियमानं बरोबरच होतं ते. अभ्यासक्रमात साग टणटणीकडे होता आणि उत्तर तुळस आलं होतं. पण निकाल लागला तेव्हा यमुना जीवशास्त्रात दोन गुणांनी नापास झाली होती. पुन्हा बसेल असं सगळे म्हणाले. दिवाळीनंतर तिच्या घरचे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले, तीही गेली, आणि कॉलेजच्या लेखी यमुना तिथं संपली. मॅडमनी तिचं नाव नंतर कधी काढलं नाही. मीही नाही. अशी मुलं दरवर्षी जातात, असं म्हणून आपण पुढच्या वर्गाची हजेरी घेतो. त्याची मला लाज वाटते.

मॅडमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी विभागात पवार सर आले. तरुण, हुशार, बोलायला मऊ. नवा अभ्यासक्रम लागू झाला होता आणि त्यात झाडांची नवी मांडणी होती, पेशीच्या आतला वंशाचा मजकूर वाचून केलेली. पवार सरांनी छापील यादी मॅडमपुढे ठेवली आणि अदबीनं म्हणाले, "मॅडम, आता कपाटही असंच लावावं लागेल."

"म्हणजे फुलाकडे बघायचंच नाही?"

"बघायचं ना. पण नातं आतून ठरतं."

"हा चौथा," मॅडम मला म्हणाल्या. "केसरमोज्या, साहेब, जर्मन, आणि आता हे अक्षरवाचे." यादी त्यांनी दोन बोटांत धरून पिशवीत टाकली, शनिवारी घरी नेली. सोमवारी मला वाटलं होतं आता पवार सरांची खैर नाही. मॅडम आल्या, कपाट उघडलं, आणि काही न बोलता एकेक कागद बाहेर काढू लागल्या. रुई करवंदाच्या घरी गेली.  मी दारात उभा होतो. मग त्यांनी निरगुडी काढली, भारंगी काढली, शेवटी साग. तिन्ही तुळशीच्या खणात ठेवले. टणटणी एकटीच मागं राहिली.

"शिंदे सर," त्या कपाटाकडेच बघत म्हणाल्या, "ती यमुना कुठं असते हो?"

त्यांना नाव आठवत होतं, वर्ष आठवत होतं, दोन गुण आठवत होते. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की ते त्या कधी विसरल्याच नव्हत्या.

शोधायला फार लागलं नाही. मोखाड्याच्या पंचायत समितीत आमचे जुने विद्यार्थी कारकून आहेत, त्यांनी एका दिवसात सांगितलं. यमुना आपल्याच पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस होती. बाजाराच्या दिवशी आम्ही जव्हारहून जीपनं मोखाडा आणि तिथून दुसऱ्या जीपनं पाड्यावर गेलो.  जीपमध्ये मी आपला मनातल्या मनात त्यांचं वाक्य तयार करत होतो. मला वाटलं, आज ही बाई तो 'चुकले' शब्द उच्चारणार.

यमुना आता अडतीसच्या आसपास होती. तिनं पाहताक्षणी ओळखलं, पाया पडली, सतरंजी टाकली. तिची आई सोमीबाय उंबऱ्याशी बसून भारंगीची पानं निवडत होती. मॅडम सतरंजीवर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता त्यांनी विचारलं, "बाय, साग तुळशीच्या घरचा, असं तुम्ही पोरीला सांगितलं होतं?"

"हा."

"टणटणीची फांदीबी चौधारी असते. मग ती का नाय त्या घरची?" मॅडम गावच्या बोलीवर आल्या होत्या. तसं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारीनं निवडणं थांबवलं नाही. "धारा त कोणालाबी असतील. फूल कसा उघडं त्ये बघायचा. टणटणीचा झुबका कडंपासून उघडं, मधल्या कळ्या मागून. सागाच्या बेचक्यात मधला फूल आधी, मग बाजूचे. तुळशीचाबी तसाच, भारंगीचाबी तसाच." मग मान वर करून तिनं मॅडमकडे नीट पाहिलं. "इतके शिकल्या तुमी. कधी बघला नाय?"

मॅडम उठल्या. अंगणाच्या कडेला टणटणी होती, तिचा झुबका त्यांनी छत्रीनं ओढून घेतला. कडेची फुलं पुरी उमललेली, मधे घट्ट पिवळ्या कळ्या. पाड्यामागं साग मोहोरला होता, तिथं गेल्या. मूठ फांदीत अडकवली, मोहोर डोळ्यांपाशी आणला. बेचक्याच्या मधोमध एक उमललेलं फूल आणि दोन्ही बाजूंना मिटलेल्या कळ्या. दुसरं बेचकं, तेच. तिसरं, तेच. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी सागाची फुलं सुईनं फाडून आतला अंडाशय मुलांना दाखवला होता. फुलं उमलतात कोणत्या क्रमानं, याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. फांदी त्यांनी हळूच सोडली. मी जवळ गेलो नाही.

परत आल्या त्या ठणठणीत आवाजात. "यमुना, तुझी बारावी राहिलीय. ती करायची."

"आता कशाला मॅडम?" यमुना हसली, पण मग तिनंच सांगितलं. अंगणवाडीच्या सेविकाबाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी झालेली असली तर तीच सेविका होऊ शकते. नाहीतर बाहेरची कोणी येणार आणि यमुना जन्मभर खिचडी शिजवून पोरांना आणत-सोडत राहणार. अंगणवाडी खरं तर तीच चालवत होती. "पण मला आता काय जमणार? सगळा विसरले."

"मी आहे," मॅडम म्हणाल्या. एवढंच. तो शब्द आला नाही.

मुक्त विद्यालयाचा बारावीचा फॉर्म मॅडमनीच आणला. विषय निवडायची मोकळीक होती, मॅडम म्हणाल्या सोपे घे, गृहविज्ञान वगैरे. यमुना म्हणाली, "जीवशास्त्र घेईन." मॅडम म्हणाल्या, "अगं, प्रॅक्टिकल असतं, बाहेरचा परीक्षक येतो, कशाला धोका?" यमुना म्हणाली, "तेच राह्यलंय ना." मॅडमनी फॉर्मवर जीवशास्त्र लिहिलं.

निवृत्त झाल्यावर लोक यात्रेला जातात. मॅडम दर बाजाराच्या दिवशी मोखाड्याला जाऊ लागल्या. अंगणवाडी सुटली की दुपारी तिथंच भिंतीवरच्या अ-आ-इ-च्या तक्त्यांखाली शिकवणी. मीही अधूनमधून जायचो, म्हणजे मॅडम मला न्यायच्या. रसायनाची गरज नव्हती, पण मॅडमना जाता-येता भांडायला माणूस लागायचं. शिकवताना त्या पूर्वीसारख्याच करड्या. छत्री आपटायची, यमुना दचकायची आणि पुन्हा लिहायची. चार पद्धती त्यांनी तिला चारही बाजूंनी घोटवल्या. कोणत्या साहेबानं काय पाहिलं, काय पाहायचं राहिलं. येताना जीपमध्ये मी एकदा धीर करून म्हटलं, "मॅडम, तिला एकदा सांगून का टाकत नाही?"

"काय सांगायचं?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

 खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "सांगून तिची वीस वर्षं परत येतात का? पास तर होऊ दे. नुसता शब्द घेऊन मी तिच्या दारात कशी जाऊ?" आणि मग लगेच, "तुमची खिडकी बंद करा, धूळ येतेय." डोळ्यांत धूळ गेल्यासारखं करून त्यांनी पदर लावला. मी खिडकीकडे हात नेला. ती आधीच बंद होती.

प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र आमचंच कॉलेज होतं. बाहेरून आलेले परीक्षक गंभीर चेहऱ्याचे होते. मॅडमना आत जायला परवानगी नव्हती, त्या फाटकाबाहेर उभ्या. मी माझ्या प्रयोगशाळेत, भिंतीच्या अलीकडे, कान लावून.  परीक्षकांनी यमुनेपुढे पाच-सहा वाळवलेल्या फांद्या टाकल्या असाव्यात. तीन फांद्यांची उत्तरं तिनं धडाधड दिली. मग आवाज आला, "ही सागाची. हिचं कूळ सांगा."

 मला वाटलं, संपलं. तिला तो जुना दिवस आठवला असणार.

मग यमुनेचा आवाज, अगदी सावकाश. "सर, कोणत्या साहेबाचं सांगू?"

"म्हणजे?"

"दोन साहेबांच्या पद्धतीत टणटणीचं. आताच्या नव्या पद्धतीत तुळशीचं. नवं बरोबर हाय, कारण फुलं उमलायचा क्रम बघा. मधलं आधी." आणि तिनं फांदी उचलून दाखवली असावी, कारण परीक्षकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "अरे, खरंच की."

मी फाटकाकडे अक्षरशः पळत गेलो. पन्नाशीतला माणूस, पांढरा कोट घालून. मॅडमना शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "शास्त्रीय नाव विचारलं का? त्यात ती अडखळते."

जूनमध्ये निकाल लागला. यमुना पास झाली आणि सगळ्या विषयांत जीवशास्त्रालाच तिला जास्त गुण पडले. त्याच दुपारी आम्ही पाड्यावर गेलो. अंगणवाडी नुकतीच सुटली होती. यमुना ओसरीवर पातेली पालथी घालत होती. तिच्या मोबाइलवर निकाल आधीच आला होता, पाड्यालाही कळला होता. मॅडम तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. छत्री त्यांनी माझ्या हातात दिली होती.

"यमुना, त्या वेळी मी चुकले होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या आयसचं बरोबर होतं. मी फांदी बघायला पाहिजे होती. तुला गप्प केलं मी. तुझी वीस वर्षं गेली."

मी खाली बघत होतो. मला वाटलं यमुना रडेल, पाया पडेल, असं काही तरी.

"माहीत हाय मॅडम," यमुना म्हणाली. "तुमी पहिल्या दिवशी आल्या ना, तवाच कळला मला. उगाच कोण जीपनं येतं का?"

मॅडमनी विचारलं, "मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी माफी मागून मोकळ्या झाल्या असत्या नि गेल्या असत्या. मग माझा अभ्यास कोण घेणार होता?"

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना ओसरीच्या पायरीवर बसावं लागलं. हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या. यमुनाही हसत होती, पातेलं हातात तसंच. सोमीबाय घरातून ओरडून विचारत होती, काय झाला, काय झाला.

त्यानंतर मॅडमची माझी गाठ पडली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांना मुलीकडे नाशिकला नेलं, आणि तिथून आली ती बातमीच. त्यामुळे मला त्या आठवतात त्या त्या दुपारच्या. मी परतीची जीप थांबवायला रस्त्यावर आलो होतो. जीपवाला हॉर्न वाजवत होता म्हणून मागे वळून हाक मारली. मॅडम पायरीवरच होत्या. पिशवीतून त्यांनी पदवीच्या प्रवेशाचा फॉर्म काढला होता, तो मांडीवर धरून घाईघाईनं भरत होत्या, आणि शेजारी बसलेली यमुना कागदावर बोट ठेवून त्यांना म्हणत होती, "हळू मॅडम. अक्षर नीट काढा. तो माझा फॉर्म हाय."